नाळेतले रक्त साठवायचे, पण कोणासाठी?

नाशिकच्या एका भगिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांना सातवा महिना चालू आहे. पहिला मुलगा साडेतीन वर्षांचा असून निरोगी आहे. नणंदेच्या सहा वर्षांच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर असून त्याला दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावे लागते. एका खासगी कॉर्ड ब्लड बँकेच्या प्रतिनिधीने घरी येऊन सांगितले, की बाळाच्या नाळेतले रक्त साठवले तर त्यातल्या स्टेम सेल पुढे ८० हून अधिक आजारांवर उपयोगी पडतील, भाच्यालाही लाभ होऊ शकेल आणि ही संधी एकदाच येते. खर्च ७५ हजार रुपये आहे आणि हप्त्यांची सोय आहे. तर रक्त साठवावे की साठवू नये?

मी रक्तविकारतज्ज्ञ आहे आणि गेली वीसहून अधिक वर्षे अस्थिमज्जा रोपणाच्या विभागात काम करतो आहे. नाळेच्या रक्ताकडे वळण्याआधी मला तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यापाशी थांबावे लागेल, कारण ते वाक्य ७५ हजारांच्या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचे आहे. नणंदेच्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, याचा अर्थ तुमच्या नणंदबाई या आजाराच्या वाहक आहेत, म्हणजे सदोष जनुकाची एक प्रत त्यांच्यात आहे. त्यांच्यात तो दोष आई किंवा वडिलांकडून आला असणार, आणि म्हणून त्यांच्या सख्ख्या भावात, म्हणजे तुमच्या यजमानांत, तोच दोष असण्याची शक्यता निम्मी आहे. वाहक माणसाला कसलाही त्रास होत नाही. फार तर हिमोग्लोबिन थोडे कमी असते आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात. ‘रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घ्या’ एवढ्यावर आपल्याकडे विषय संपतो. तुमच्या गरोदरपणातील तपासण्यांच्या फाइलमध्ये ‘एचपीएलसी’ किंवा ‘हिमोग्लोबिन ए-टू’ असा, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारा, अहवाल आहे का, ते आज पाहा. नसेल तर तुम्ही आणि यजमान अशा दोघांचीही ही तपासणी याच आठवड्यात करून घ्या. तुमच्यात लोहाची कमतरता असेल तर ए-टूचा आकडा खोटा कमी दिसू शकतो. म्हणून केवळ तुमच्या अहवालावर विसंबू नका, यजमानांचाही करा. दोघांपैकी एक जरी वाहक नसेल तरी बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. दोघेही वाहक निघालात तर प्रत्येक गरोदरपणात ही शक्यता चारात एक असते, आणि पहिला मुलगा निरोगी आहे म्हणून ती कमी होत नाही.

गर्भाची तपासणी करण्याचा योग्य काळ, म्हणजे अकराव्या-बाराव्या आठवड्यात वारेचा बारीक नमुना काढण्याचा काळ, तुमच्या बाबतीत उलटून गेला आहे. तरीही ही तपासणी निरर्थक ठरत नाही. थॅलेसेमिया मेजर असलेले बाळ जन्मतः टवटवीत दिसते, कारण त्या वेळी त्याच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन भरपूर असते. ते ओसरू लागले की बहुधा सहा महिन्यांनंतर बाळ पांढरे पडायला लागते. आई-वडील वाहक आहेत हे आधीच ठाऊक असेल तर नाळेतले थोडेसे रक्त जनुकीय तपासणीला पाठवून निदान पहिल्या काही आठवड्यांतच होते. नाळेच्या रक्ताचा हा उपयोग जाहिरातीत कोणी सांगत नाही.

आता मूळ प्रश्न. नाळ आणि वार यांत प्रसूतीनंतर साधारण ८० ते १२० मिलिलिटर रक्त शिल्लक राहते. आपल्या पूर्वजांनी ते वारेसह मातीत पुरले, आणि ‘जिथे नाळ पुरली’ हा शब्दप्रयोग आपल्याला दिला. त्या रक्तात रक्त निर्माण करणाऱ्या मूळपेशी, ज्यांना आता सर्वच स्टेम सेल म्हणतात, बऱ्याच प्रमाणात असतात. एरवी त्या अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजात राहतात आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व बिंबिका (प्लेटलेट) आयुष्यभर तयार करत राहतात. कोणाची अस्थिमज्जा निकामी झाली, कर्करोगग्रस्त झाली किंवा जन्मतःच सदोष असली, तर ती औषधांनी रिकामी करून तिथे दुसऱ्याच्या निरोगी मूळपेशी रुजवणे, याला रोपण म्हणतात. यात शस्त्रक्रिया नसते. पिशवीतल्या पेशी शिरेतून रक्तासारख्या दिल्या जातात आणि त्या आपला मुक्काम स्वतः शोधतात. भारतातले अस्थिमज्जेचे पहिले रोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात झाले.

नाळेच्या रक्ताचे पहिले रोपण ऑक्टोबर १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात डॉ. एलियान ग्लुकमन यांनी केले. रुग्ण अमेरिकेतला पाच वर्षांचा मुलगा होता आणि त्याला फॅन्कोनी अॅनिमिया हा आनुवंशिक आजार होता, ज्यात अस्थिमज्जा हळूहळू आटत जाते. त्याच्या आईला दिवस गेलेले असतानाच पोटातल्या मुलीला हा आजार नाही आणि तिच्या पेशी भावाशी जुळतात, हे तपासून ठरवले गेले होते. तिच्या जन्मानंतर नाळेतले रक्त इंडियानामध्ये डॉ. हॅल ब्रॉक्समायर यांच्या प्रयोगशाळेत गोठवण्यात आले आणि तिथून ते अटलांटिकपार नेण्यात आले. तो मुलगा बरा झाला. हा प्रसंग मी मुद्दाम सांगतो आहे, कारण या उपचाराचे मर्म त्यात आहे. रक्त बहिणीचे होते आणि रुग्ण भाऊ होता. त्या मुलाचे स्वतःचे नाळेचे रक्त कोणी जपून ठेवले असते, तरी त्याला त्याचा काडीचाही उपयोग झाला नसता, कारण त्यातल्या प्रत्येक पेशीत तोच दोष होता.

त्यानंतर न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये डॉ. पाब्लो रुबिन्स्टाइन यांनी १९९२ च्या सुमारास सार्वजनिक नाळरक्त बँक उभी केली. कोणाही आईने रक्त दान करावे आणि ज्याच्याशी जुळेल त्या कोणाही रुग्णाला ते मिळावे, अशी आपल्या रक्तपेढीसारखीच ती व्यवस्था होती. नात्यात नसलेल्या रुग्णांना असे रक्त देण्याची सुरुवात १९९३ मध्ये ड्यूक विद्यापीठात डॉ. जोअॅन कुर्ट्झबर्ग यांनी केली. आजवर जगभरात अशी ४० हजारांहून अधिक रोपणे झाली आहेत, आणि त्यातली बहुसंख्य दुसऱ्याच्या रक्ताची आहेत.

८० आजारांची यादी खोटी नाही. रक्ताचे कर्करोग, लिम्फोमाचे काही प्रकार, अप्लास्टिक अॅनिमिया, थॅलेसेमिया, सिकल सेल, जन्मजात प्रतिकारशक्तीचे गंभीर दोष, हर्लर आणि क्रॅबे यांसारखे चयापचयाचे दुर्मीळ आजार, या सर्वांत मूळपेशींचे रोपण होते. हर्लरसारख्या आजारात शरीरात एक विकर (एन्झाइम) तयारच होत नाही. दात्याच्या पेशी रुजल्या की त्या ते विकर तयार करतात, आणि त्यांच्यापासून निपजलेल्या काही पेशी मेंदूतही जाऊन वसतात. अशा बाळांच्या बाबतीत एक-एक महिना मोलाचा असतो. दाता शोधून त्याला राजी करण्यापेक्षा गोठवलेली पिशवी मागवणे कितीतरी लवकर होते, म्हणून इथे नाळेच्या रक्ताने खरोखर मोठे काम केले आहे. या यादीची अडचण वेगळीच आहे. त्यातले बहुतेक आजार ‘मूळपेशींच्या रोपणाने’ बरे होतात, आणि त्या मूळपेशी दुसऱ्या निरोगी व्यक्तीच्या असाव्या लागतात. बाळाचे स्वतःचे रक्त त्याच बाळाला, हा जाहिरातीचा गाभा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे.

थॅलेसेमिया किंवा सिकल सेल असलेल्या बाळाच्या नाळेतही तेच सदोष जनुक असते, हे सहज पटते. रक्ताच्या कर्करोगाबद्दल लोकांना आश्चर्य वाटते. लहान मुलांमधल्या ल्युकेमियाच्या अनेक प्रकारांत कर्करोगाकडे नेणारा पहिला जनुकीय बदल जन्माआधीच झालेला असतो. नवजात बाळांच्या टाचेतून टिपकागदावर घेतलेल्या रक्ताचे जुने नमुने पुन्हा तपासून हे सिद्ध झाले आहे. म्हणजे ज्या रोगापायी रोपण करायचे, त्याचे बी त्याच पिशवीत असण्याचा धोका राहतो. शिवाय दुसऱ्याच्या पेशी उरल्यासुरल्या कर्करोगपेशींना परक्या समजून मारतात, हा रोपणाचा मोठा फायदा स्वतःच्या पेशींत मिळत नाही. माझ्याकडे एकदा आई-वडील सात वर्षांच्या मुलीला घेऊन आले होते. तिचा ल्युकेमिया उलटला होता आणि फाइलच्या सर्वांत वरच्या कप्प्यात लॅमिनेट केलेले साठवणुकीचे प्रमाणपत्र होते. ते वापरता येणार नाही हे त्यांना सांगताना मला जे वाटले, त्याचा राग मी आजवर कोणावर काढलेला नाही. पण असे प्रश्न आले की मी सविस्तर लिहितो, त्याचे कारण ते आहे.

स्वतःचे साठवलेले रक्त पहिल्या २० वर्षांत स्वतःलाच लागण्याची शक्यता वैद्यकीय संघटनांनी ०.०४ ते ०.०००५ टक्के, म्हणजे अडीच हजारांत एक ते दोन लाखांत एक, अशी मांडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वतःच्या भावी उपयोगासाठी नाळरक्त साठवण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे, आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये ‘जैविक विमा’ म्हणून खासगी साठवणूक करण्याच्या विरोधात मत दिले. त्याच तत्त्वांनुसार नाळेचे रक्त सोडून नाळेचा गर, वार, दात, मासिक स्राव यांची व्यावसायिक साठवणूक करण्यास परवानगीच नाही. प्रतिनिधीने ‘नाळेचा तुकडाही ठेवू, एकत्रित योजना आहे’ असे सुचवले असेल, तर तेवढ्यावरून काय ते ओळखा.

आता भाच्याबद्दल. रोपणासाठी दात्याचे आणि रुग्णाचे एचएलए जुळावे लागते. ही पेशींवरची ओळखचिन्हे असून त्यांचा एक संच आईकडून आणि एक वडिलांकडून येतो, म्हणून सख्ख्या भावंडांचे पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. तुमचे बाळ आणि भाचा ही मामे-आतेभावंडे आहेत. भाच्याचा एक संच त्याच्या वडिलांकडून आलेला आहे, आणि त्या घराशी तुमच्या बाळाचे रक्ताचे नाते नाही. म्हणून फार तर अर्धे जुळेल आणि तेही चारात एका वेळी. पूर्ण जुळणे हा निव्वळ योगायोग ठरेल. नणंदेचे लग्न नात्यातच झाले असेल तर हा हिशेब थोडा बदलतो, तसे असल्यास जरूर कळवा. भाच्यासाठी खरी आशा त्याच्या सख्ख्या भावंडात आहे. नणंदेने पुढे दुसऱ्या मुलाचा विचार केला आणि वेळेवर गर्भनिदान करून घेतले, तर ते बाळ थॅलेसेमिया मेजरपासून मुक्त असण्याची शक्यता चारात तीन आणि भावाशी जुळण्याची चारात एक. ही दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्र जमण्याची शक्यता सोळात तीन होते. जमल्या तर त्या बाळाचे नाळरक्त अवश्य जपावे. युरोपातल्या मोठ्या नोंदींत, जुळत्या भावंडाच्या नाळरक्ताने रोपण झालेल्या थॅलेसेमियाच्या मुलांपैकी सुमारे ८० टक्के सहा वर्षांनी आजारमुक्त होती. अस्थिमज्जेने रोपण झालेल्यांत हा आकडा ८६ टक्के होता, मात्र नाळरक्ताच्या गटात जीव्हीएचडीचा, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावरच केलेल्या हल्ल्याचा, त्रास कमी होता. पण त्या भावंडाचे नाळरक्त साठवायचे राहून गेले तरी दार बंद होत नाही. तेच भावंड दोन-तीन वर्षांचे झाले की त्याची अस्थिमज्जा घेता येते, आणि प्रत्यक्षात आम्ही बहुतेक वेळा तेच करतो. भावंडांत कोणी जुळले नाही तर दात्री किंवा मॅरो डोनर रजिस्ट्री यांसारख्या नोंदणी संस्थांत परका दाता शोधता येतो.

नंदुरबार, गडचिरोली आणि एकूणच विदर्भातल्या सिकल सेलच्या कुटुंबांना हाच हिशेब लागू होतो. घरात आधीच आजारी मूल आहे आणि आई पुन्हा गरोदर आहे, अशा कुटुंबासाठी नाळरक्त जपणे हा माझ्या मते या साऱ्या व्यवहारातला सर्वांत सरळ आणि सार्थ उपयोग आहे, आणि नेमके त्याच कुटुंबाकडे प्रतिनिधी फिरकत नाही.

पेशींच्या संख्येबद्दल बोलायला हवे, कारण तिथेच बरेचसे बेत कोसळतात. रोपणासाठी रुग्णाच्या वजनाच्या प्रत्येक किलोमागे किमान अडीच कोटी केंद्रकयुक्त पेशी लागतात. २० किलोच्या मुलाला ५० कोटी आणि ६० किलोच्या माणसाला १५० कोटी. एका पिशवीत बहुधा १०० कोटींच्या आतबाहेर पेशी असतात, त्यातल्या काही वितळवताना मरतात. म्हणजे बाळाचे रक्त ‘आजी-आजोबांनाही चालेल’ हे विधान जुळणीच्या आधी संख्येवरच अडते. सार्वजनिक बँका पेशी कमी भरल्या तर पिशवी गोठवतच नाहीत. खासगी बँकेत पैसे भरलेले असल्याने सहसा सगळेच गोठवले जाते. पेशी कमी पडल्या तर नव्या पांढऱ्या पेशी उगवायला तीन-चार आठवडे लागतात, आणि त्या काळात साधा जंतुसंसर्गही जिवावर बेततो.

ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न झाले. दोन पिशव्या एकत्र देऊन पाहिल्या. मोठ्यांत त्याने वाट मोकळी झाली, पण मुलांमध्ये एका पुरेशा पिशवीपेक्षा दोन पिशव्यांचा अधिक फायदा होत नाही, असे २०१४ मधल्या अभ्यासात दिसले. प्रयोगशाळेत निकोटिनामाइडच्या साहाय्याने पेशी वाढवून तयार केलेल्या ‘ओमिसर्ज’ या उत्पादनाला अमेरिकेत एप्रिल २०२३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या चाचणीत पांढऱ्या पेशी उगवण्याचा काळ सरासरी २२ दिवसांवरून १२ दिवसांवर आला. पण दरम्यान ‘हाफ मॅच’ रोपणाने सगळे चित्रच पालटले. रोपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड हे औषध देण्याची बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये विकसित झालेली पद्धत वापरली, की निम्मे जुळणारे आई, वडील किंवा भावंडही दाता होऊ शकतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या तुलनात्मक चाचणीत कर्करोगाच्या प्रौढ रुग्णांमध्ये हाफ मॅच रोपणानंतर जगण्याचे प्रमाण दोन नाळपिशव्यांच्या रोपणापेक्षा चांगले दिसले. आज माझ्या विभागात दाता नाही म्हणून रोपण अडले, असे क्वचितच होते.

नाळेचे रक्त कालबाह्य झाले, असे मात्र मी म्हणणार नाही. त्यातल्या पेशी अननुभवी असतात, म्हणून अर्धवट जुळणीही सोसतात. हाफ मॅचची पद्धत सोडली, तर मोठ्या दात्याची जुळणी जवळजवळ पूर्ण लागते. नाळरक्तात सहापैकी चार चिन्हे जुळली तरी चालते. मिश्र वंशाच्या रुग्णांना याचा फार आधार झाला. न्यूयॉर्कमधल्या अशाच एका मिश्र वंशाच्या महिलेला ल्युकेमिया आणि एचआयव्ही दोन्ही होते. एचआयव्हीला पेशीत शिरू न देणारा जनुकीय बदल असलेले नाळरक्त तिला २०१७ मध्ये नातेवाइकाच्या पेशींसोबत दिले गेले, आणि पुढे औषधे थांबवूनही विषाणू परतला नाही. ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयात नाळरक्तातून काढलेल्या एनके पेशींवर, म्हणजे कर्करोगपेशी मारणाऱ्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींवर, बदल करून ११ रुग्णांना दिल्या गेल्या, त्यातल्या ८ जणांनी प्रतिसाद दिला. हा अहवाल २०२० मध्ये आला. यांपैकी एकाही गोष्टीसाठी रुग्णाने स्वतःचे नाळरक्त आधी साठवलेले असणे आवश्यक नव्हते.

सेरेब्रल पाल्सी आणि ऑटिझम यांच्या नावाने सर्वांत जास्त विक्री होते, म्हणून त्याबद्दलही सांगतो. ड्यूक विद्यापीठातच सेरेब्रल पाल्सी असलेल्या ६३ मुलांवर त्यांचे स्वतःचे नाळरक्त देऊन चाचणी झाली. एकूण गटात वर्षाअखेर ठरवलेल्या निकषावर फरक दिसला नाही, पण ज्यांना पेशींची मात्रा जास्त मिळाली त्यांच्या हालचालींत काहीशी अधिक सुधारणा आढळली. हा पुढील अभ्यासाला पुरेसा आणि उपचार म्हणून विकायला अपुरा असा पुरावा आहे. ऑटिझमच्या १८० मुलांवरील चाचणीत, जिचा निष्कर्ष २०२० मध्ये आला, मुख्य निकषावर लाभ दिसला नाही. टाइप वन मधुमेहातही स्वतःच्या नाळरक्ताने शरीरात इन्सुलिन तयार होणे टिकले नाही. आपल्याकडे ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करू नये, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे.

तुमच्या घरापुरते बोलायचे तर हिशेब असा बसतो. दोघांपैकी एकही वाहक नसाल किंवा एकच असाल, तर या रक्ताची गरज पडेल असा कोणीही तुमच्या घरात आज नाही. दोघेही वाहक असाल आणि दुर्दैवाने बाळाला आजार निघाला, तर त्याचे स्वतःचे रक्त त्याला चालणार नाही. तेव्हा तुमच्या साडेतीन वर्षांच्या मुलाचे एचएलए तपासावे लागेल, आणि जुळले तर त्याची अस्थिमज्जा घेता येईल, जी कोणत्याही टाकीत न ठेवता ताजी आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पैसे भरले नसते. तरीही सासरच्या माणसांचा आग्रह मोडवत नसेल, तर बँकेला केंद्र सरकारच्या औषध नियंत्रकांचा परवाना आहे का, पेशींची संख्या तुमच्या हातात लेखी देतात का आणि संख्या कमी भरली तर पैसे परत करतात का, एवढे विचारून घ्या. ‘कम्युनिटी बँकिंग’ची, म्हणजे सभासदांनी एकमेकांच्या पिशव्या वापरण्याची, योजना सांगत असतील तर तुमच्या बाळाची पिशवी दुसऱ्या सभासदाला गेल्यावर तुम्हाला काय मिळते, ते करारातून वाचा.

साठवा किंवा साठवू नका, प्रसूतीच्या वेळी एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. बाळ जन्मल्यावर नाळेला चिमटा लावण्याआधी निदान एक मिनिट थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तेवढ्या वेळात वारेतले बरेच रक्त बाळाकडे जाते आणि पुढचे काही महिने पुरेल असा लोहाचा साठा त्याला मिळतो. पिशवी भरण्यासाठी नाळ लगेच कापली, तर बाळाच्या वाट्याचेच रक्त पिशवीत जाते. बँकेच्या माणसाने घाई केली तरी प्रसूतिगृहात तुमचाच शब्द चालतो. आणि यजमानांचा ए-टूचा आकडा ३.५ टक्क्यांहून जास्त आला, तर तुमच्या अहवालासह तो मला लगेच पाठवा.